लोकगीताची चाल वुडविंड क्विंटेटवर बसवली की मरते का? (आणि संगीताच्या इतिहासावरची पुस्तकं सुचवा)

फुंकणी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमचं पाच जणांचं वुडविंड क्विंटेट (फुंकवाद्यांचा ताफा) आहे. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न. (हॉर्न पितळेचा असून लाकडी वाद्यांत काय करतो हा प्रश्न कृपया इथे नको, आमच्या हॉर्नवाल्याला फार लागतं ते.) मी क्लॅरिनेट वाजवते आणि अरेंजमेंटचं खूळही माझ्याच डोक्यात आहे. तर एका जुन्या संग्रहातलं रेकॉर्डिंग हाती लागलं, एक म्हाताऱ्या बाई गातायत, साथीला काही नाही, नुसता गळा. पाच कडवी. सहा-आठच्या (एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका घरात, सहा मात्रा) अंगाने झुलणारी चाल, ऐकताना मेजर (सगळे सूर शुद्ध) वाटते पण निषाद कोमल लागतो. मी ती ऐकून ऐकून नोटेशनमध्ये उतरवली, एका ओळीत बाईंनी एक मात्रा खाल्ली होती ती सरळ केली, खालून कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) लावले, शेवटच्या कडव्यात फ्लूटला जरा नाचवलं. कागदावर झकास दिसत होतं.

परवा पाचही जण बसलो आणि वाजवलं. एकही सूर चुकला नाही आणि तरी निरोप समारंभातल्या भाषणासारखं वाजलं ते. वर ओबोवाली रागावली, "माझ्या पार्टमध्ये २४ बार एकही रेस्ट नाही, मी काय हार्मोनियम आहे?"

दोन प्रश्न. एक, नेमकं काय चुकलं असेल? दोन, लोकगीतं कोणी गोळा केली, कशी लिहून घेतली, त्यात काय बदललं असं सांगणारी इतिहासाची पुस्तकं सुचवा. बीथोव्हेनचा बहिरेपणा मला पाठ आहे, त्याच्या पलीकडचं काहीतरी हवंय.

गप्पिष्ट

पहिला! वाचतोय.

निषाद_कोमल

माझ्या नावाचा विषय निघाला म्हणून लिहितो. ओळीच्या शेवटी कॉर्ड कुठला लावलाय? पंचमावरचा मेजर ना? त्यात शुद्ध निषाद येतो, आणि बाई तर कोमल निषाद गातायत. म्हणजे गाणं एका घरातलं आणि साथ शेजारच्या घरातली. मिक्सोलिडियन चालीला (आपल्याकडचा खमाज ठाठ धरा) ही खोड हमखास केली जाते, आणि डोरियन म्हणजे काफीच्या चालींना तर कॉर्ड लावताना सरळ मायनर समजून धैवत कोमल करून टाकतात लोक, मग त्या चालीचा रंगच उडतो. त्याऐवजी कोमल निषादावरचा मेजर कॉर्ड घेऊन षड्जावर या, किंवा पंचमावरचा मायनर घ्या. नाहीतर कॉर्डच नकोत. बसून आणि हॉर्नवर सा-पचा ड्रोन (तंबोऱ्यासारखा सतत सूर) धरून ठेवा एक अख्खं कडवं, बघा काय होतंय ते.

फुंकणी

@निषाद_कोमल, पंचमावरचा मेजरच लावलाय, तोही सातव्या सुरासकट. लाज वाटली.

रीडतुटकी

मी ओबो वाजवते (तुमच्या ग्रूपमधली नाही, पण तिला माझा पाठिंबा कळवा). एक गोष्ट सगळ्या अरेंजरना कोणीतरी शिकवा हो. बाकीच्या फुंकवाद्यांचा दम संपतो, ओबोवाल्यांचा दम *उरतो*. तोंडात धरायच्या रीडच्या दोन पात्यांमधली फट इतकी बारीक की हवा बाहेरच पडत नाही, छातीत शिळी हवा कोंडून राहते, ती आधी सोडायची आणि मग नवीन घ्यायची. म्हणजे आम्हाला एका श्वासाची नाही, दोन श्वासांची जागा लागते. २४ बार सलग दिले की शेवटी चेहरा टोमॅटोसारखा होतो आणि सूर वर चढतो.

आणि अजून एक. ओबोचे अगदी खालचे सूर हळू वाजत नाहीत. खालच्या बी फ्लॅटपासून सी-डीपर्यंत तुम्ही कितीही 'पियानो' लिहा, बदक ओरडणार. मंद्रातली हळवी ओळ असेल तर ती क्लॅरिनेटला द्या, तुमच्याकडे तर ते खालचं मखमली रजिस्टर आयतं आहे.

फुंकणी

तिला दाखवलं, तिने स्क्रीनशॉट काढून ग्रूपवर टाकला. आभारी आहे(!)

क्लॅरिनेटचं म्हणाल तर तिथे मी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलाय. बाई साधारण ई च्या पट्टीत गातात म्हणून मी प्रामाणिकपणे ई च ठेवला. आता बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक टोन खाली बोलतो, म्हणजे माझ्या पार्टमध्ये पाच शार्प (अर्ध्या सुराने चढवायच्या खुणा). शिवाय चालीचा निम्मा भाग नेमका मधल्या जी-ए-बी फ्लॅटवर, जिथे आमचा आवाज घशात कापूस कोंबल्यासारखा येतो, आणि त्याच्या लगेच वरती 'ब्रेक', म्हणजे जवळपास सगळी भोकं उघडी असताना एकदम सगळी बंद करायची. त्या जागेवर बाईंची एक नाजूक हरकत आहे. वाजवून बघितली, जिन्यावरून भांडं पडल्यासारखी वाजली.

निषाद_कोमल

अर्धा सूर चढवा, एफ करा. कोमल निषादाची चाल असल्यामुळे तुम्हाला एकही शार्प-फ्लॅट उरत नाही, हॉर्नला एक फ्लॅट. बाईंना काही वाटणार नाही. आणि ती हरकत फ्लूटला द्या, पण वरच्या सप्तकात. फ्लूटचा खालचा सप्तक एकटा असला तर गोड, बाकी चौघं वाजवत असली तर आहे की नाही तेही कळत नाही.

बसूनकाका

फुंकणीताई, सगळे कॉर्डवर आणि रीडवर तुटून पडलेत आणि ते बरोबरच आहे, पण तुम्ही जाता जाता एक वाक्य टाकलंय ते कोणी धरलं नाही. "बाईंनी एक मात्रा खाल्ली होती ती सरळ केली." मी ३० वर्षं बसून वाजवतोय, बहुतेक वेळ इतरांच्या चालीखाली पूम-पूम करण्यात गेलाय, त्यामुळे असल्या खाल्लेल्या मात्रा मोजायची सवय आहे. मला एक सांगा, ती मात्रा बाईंनी फक्त पहिल्या कडव्यात खाल्लीय की प्रत्येक कडव्यात? पुन्हा ऐका आणि कागद न बघता ऐका.

का विचारतोय ते सांगतो. पर्सी ग्रेंजर हे नाव तुम्हाला माहीत असेलच. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, पियानोवादक म्हणून गाजलेला, १९०५-०६ च्या सुमारास इंग्लंडातल्या लिंकनशर भागात गाणी गोळा करत हिंडला. सुरुवातीला इतरांसारखंच कानाने ऐकून हाताने लिहून घेत होता. १९०६ मध्ये मात्र तो मेणाच्या सिलिंडरवर रेकॉर्ड करणारा फोनोग्राफ घेऊन गेला, आणि घरी येऊन तेच तेच पुन्हा ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं की ज्याला सगळे गायकाची चूक समजतात ती दर कडव्यात त्याच जागी येते. कुठे मात्रा कमी, कुठे सूर किंचित चढा, कुठे शब्द लांबला म्हणून ताल लांबला. १९०८ मध्ये फोक-साँग सोसायटीच्या नियतकालिकात त्याने यावर मोठा लेख लिहिला आणि गाणी कडव्या-कडव्याला जशी बदलतात तशी छापली. तोवर लोक एक 'शुद्ध' चाल छापून खाली शब्द लिहीत. सोसायटीतल्या बऱ्याच मंडळींना हे पटलं नाही, लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पनाही त्या यंत्राबद्दल शंका होत्या, यंत्रापुढे माणूस बुजून गातो वगैरे. त्यातही तथ्य असणार म्हणा.

पुढे १९३७ मध्ये त्याने याच गोळा केलेल्या चालींवर विंड बँडसाठी 'लिंकनशर पोझी' केलं, सहा भागांचं. त्यातला तिसरा भाग, 'रफर्ड पार्क पोचर्स', स्कोर उघडून बघा. जवळपास दर बारला ताल बदलतो. मुद्दाम अवघड करायचं म्हणून नाही हो, जोसेफ टेलर नावाचा म्हातारा ते तसं गात होता म्हणून. ग्रेंजरच्या मते प्रत्येक भाग हे त्या त्या गायकाचं व्यक्तिचित्र होतं, आणि पूर्ण कामही त्याने त्या गायकांनाच अर्पण केलं. प्रस्तावनेत तर मुरलेल्या बँडवाल्यांना टोमणा मारलाय की या तालांना बिचकणारे तेवढे तेच, ज्यांना संगीतापेक्षा बिअरची काळजी जास्त.

आता त्याच्या शेजारी वॉन विल्यम्स या इंग्लिश संगीतकाराचा १९२३ चा 'इंग्लिश फोक साँग सूट' ठेवून ऐका. सुरेख आहे, मी कितीतरी वेळा वाजवलाय आणि पुन्हा वाजवीन, पण तिथे चाली गणवेश घालून येतात. मिलिटरी बँडसाठीच लिहिलेला, त्यामुळे तेही साहजिक. दोन्ही चांगलंच. तुम्हाला कुठलं करायचंय ते आधी ठरवा, कारण तुम्ही चाल दुसऱ्या पद्धतीने लिहून घेतलीत आणि वाजताना अपेक्षा पहिलीची केलीत.

चिवचिव

काका \_/\_ वाखूसा (वाचनखूण साठवली).

गप्पिष्ट

+१ काकांना. अवांतर: हॉर्न पितळेचा असून...

फुंकणी

गप्पिष्ट, नको म्हटलं होतं ना.

काका, आज रात्री ऐकते. छातीत धस्स झालंय खरं सांगायचं तर.

पोथीनिष्ठ

पुस्तकांचा प्रश्न अनाथ पडलाय म्हणून मी दत्तक घेतो.

आधी मोठ्या ग्रंथांचं. ग्राउटचं 'अ हिस्टरी ऑफ वेस्टर्न म्युझिक' (पहिली आवृत्ती १९६०, नंतर पालिस्का आणि बर्कहोल्डर यांनी वाढवत नेलं) हे पाठ्यपुस्तक आहे आणि तसंच वाचलं जातं, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री. संदर्भाला उत्तम. रिचर्ड टारुस्किनचा ऑक्सफर्डने २००५ मध्ये काढलेला इतिहास हे वेगळंच प्रकरण, सहा खंड आणि पानोपानी भांडण. मला हा माणूस आवडतो कारण तो सुरुवातीलाच कबूल करतो की हा इतिहास *लिहिल्या गेलेल्या* संगीताचा आहे, नोटेशनच्या परंपरेचा. बाकीचे इतिहासकार तेच करतात पण सांगत नाहीत. म्हणजे फुंकणी, तुझ्या बाई या दोन्ही पुस्तकांत सापडायच्या नाहीत, कोणीतरी त्यांची चाल कागदावर आणून बँडला देईपर्यंत त्या इतिहासाच्या बाहेरच.

म्हणून तुझ्यासाठी क्रम उलटा लावतो. आधी सेसिल शार्पचं १९०७ चं 'इंग्लिश फोक-साँग: सम कन्क्लूजन्स' वाच. छोटं आहे, ठाम आहे, आणि बऱ्याच ठिकाणी चिडचिड होईल, होऊ दे. मग स्टीव्ह राउडचं 'फोक साँग इन इंग्लंड' (२०१७). जाडजूड आहे पण त्यात प्रश्न सरळ विचारलेत, लोक खरोखर काय गात होते, कुठे गात होते, छापील चोपड्यांमधून किती उचलत होते. शार्पच्या डोक्यातला निरक्षर, शुद्ध, शहराचा वारा न लागलेला गायक तिथे हळूहळू विरत जातो. याच नावाचं ए. एल. लॉइडचं १९६७ चं पुस्तकही आहे, मागवताना गोंधळ करू नकोस, मी केला होता. (लॉइडचंही वाचून काढलं मग. पश्चात्ताप नाही.)

वाद्यांसाठी अँथनी बेन्सचं 'वुडविंड इन्स्ट्रुमेंट्स अँड देअर हिस्टरी', १९५७. हा गृहस्थ स्वतः लंडन फिलहार्मोनिकमध्ये बसून वाजवायचा, त्यामुळे पुस्तकात बोटं कुठे ठेवायची त्याचे तक्ते आहेत, रीड कशी बनवायची ते आहे. इतिहास वाचतोय असं वाटत नाही, कोणाच्या तरी कामाच्या टेबलाशी उभे आहोत असं वाटतं.

आता एक गंमत. १७७६ साली इंग्रजीत संगीताचे दोन मोठे इतिहास आले. सर जॉन हॉकिन्सचे पाचही खंड एकदम, आणि चार्ल्स बर्नीचा फक्त पहिला. बर्नीचा चौथा खंड यायला १७८९ उजाडलं. दोघांच्या वाचकांत तट पडले. मग कॅलकॉट नावाच्या संगीतकाराने एक फेरगीत रचलं, सगळे एकामागून एक तीच ओळ धरतात तसलं, त्यात हॉकिन्सचा इतिहास वाचलास का, बर्नीचा कसा वाटला अशी विचारपूस. पण 'बर्नीज हिस्टरी' जलद म्हटलं की ऐकू येतं 'बर्न हिज हिस्टरी', जाळा त्याचा इतिहास! आपल्या फोरमवरची भांडणं बरी म्हणायची.

चिवचिव

पोथीनिष्ठांनी बार्टोक सोडला?

पोथीनिष्ठ

प्रतिसाद लांबला म्हणून. बार्टोक आणि कोदाय हे हंगेरीचे संगीतकार १९०५-०६ पासून फोनोग्राफ घेऊन हिंडत होते, म्हणजे ग्रेंजरच्याच सुमाराला. बार्टोकचं नंतरचं स्वरलेखन बघितलंस तर डोळे फिरतात, किंचित चढ्या-उतरत्या सुरांसाठी डोक्यावर बाण. आणि तोच माणूस १९१५ मध्ये 'रोमेनियन फोक डान्सेस' पियानोवर करताना किती साधं ठेवतो. सगळं माहीत असून काय गाळायचं हे त्याने ठरवलं.

रीडतुटकी

ते डान्सेस क्विंटेटवर आम्ही वाजवलेत! तिसरा, 'पे लोक', मूळ मेंढपाळी बासरीवरची चाल. आमच्या फ्लूटवाल्याने पिकोलोवर घेतली, खाली बाकीचे अगदी हलके, जवळजवळ काहीच करत नाहीत. पूर्ण कार्यक्रमात लोक तेव्हाच खोकायचे थांबले.

चिवचिव

थोडं अवांतर पण फुंकणीच्या कामाचं. चाल खरंच लोकगीताची आहे ना हे तपासून घ्या. रिशार्ड श्ट्राउसने इटलीत 'फुनिकुली फुनिकुला' ऐकलं, त्याला वाटलं नेपल्सचं लोकगीत, घातलं आपल्या 'आउस इतालियेन' मध्ये. ते १८८० मध्ये लुईजी डेन्झाने लिहिलेलं गाणं होतं, व्हेसूव्हियसवर फ्युनिक्युलर रेल्वे सुरू झाली त्यानिमित्त! डेन्झाने दावा ठोकला. स्ट्राविन्स्कीचंही तेच, रस्त्यावरच्या पेटीवर ऐकलेली चाल 'पेत्रुश्का'त घातली आणि तिचा कर्ता हयात निघाला, मग रॉयल्टी द्यावी लागली. बिझेची 'कार्मेन'मधली हाबानेरासुद्धा अशीच, लोकगीत समजून घेतलेली, निघाली इराडिएरची. एवढी मोठी माणसं फसली तिथे आपण कोण.

आणि उलटंही होतं. ग्रेंजरचं क्विंटेटसाठीचं 'वॉकिंग ट्यून' अनेकांना लोकगीत वाटतं, ती त्याला चालता चालता सुचलेली स्वतःचीच चाल आहे.

निषाद_कोमल

पारंपरिक चाल सगळ्यांची असली तरी दुसऱ्याने केलेली अरेंजमेंट सगळ्यांची नसते, हे पण जोडा. छापील संग्रहातलं पियानोसाथीसकट उचलून 'पारंपरिक' म्हणून वाजवणारे महाभाग बघितलेत.

पोथीनिष्ठ

वुडविंड अरेंजमेंटच्या घाईबद्दल मोत्सार्टचं पत्र आठवलं. जुलै १७८२, वडिलांना लिहितो की पुढच्या रविवारच्या आत माझा ऑपेरा फुंकवाद्यांसाठी बसवायलाच हवा, नाहीतर दुसरा कोणीतरी आधी करून पैसे घेऊन जाईल. तेव्हा व्हिएन्नात आठ जणांचे ताफे असत, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बसून. गप्पिष्टराव, हॉर्न तेव्हापासून आत आहे. मिळालं उत्तर?

गप्पिष्ट

मिळालं. आता झोपतो.

चिवचिव

हॉर्नवरून वर्गीकरण आठवलं. तत, सुषिर, अवनद्ध, घन ही आपली नाट्यशास्त्रातली विभागणी. सौरींद्र मोहन टागोरांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला वाद्यांचा मोठा संच पाठवला, तो ब्रसेल्सच्या संग्रहालयात गेला, तिथल्या व्हिक्टर माहिलोंने आपल्या या विभागणीच्याच आधारे चार वर्ग मांडले, आणि त्यावरून पुढे १९१४ ची हॉर्नबॉस्टेल-झाक्स पद्धत आली जी आज जगभर वापरतात. तिथे वाद्य लाकडाचं की पितळेचं हे बघतच नाहीत, हवा कशी थरथरते ते बघतात. म्हणजे हॉर्न काय नि ओबो काय, दोन्ही सुषिरच.

फुंकणी

परत आले. कागद उलटा ठेवून तीनदा ऐकलं.

काका, ती मात्रा खाल्लेली नाहीये. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या कडव्यात त्याच ओळीला, त्याच जागी, पाचच मात्रा आहेत. चौथ्यात त्या ओळीला एक अक्षर जास्त आहे आणि तिथे बाई शांतपणे सहा घेतात. मी चौथं कडवं बरोबर धरून बाकीची चार दुरुस्त केली होती! आणि हेडफोन लावून ऐकलं तर त्या पाचव्या मात्रेनंतर बारीक श्वास ऐकू येतो, छोटासा, पुढच्या ओळीवर उडी मारायच्या आधीचा. मी त्या जागी हॉर्नला एक छान भरीव सूर दिला होता, म्हणजे बरोब्बर तिथे बोळा कोंबला होता.

काल पुन्हा बसलो. एफमध्ये आणलं, पंचमाचे कॉर्ड काढले, पहिलं कडवं नुसता ओबो आणि खाली बसूनचा एकच धरलेला सूर. दुसऱ्यात मी, मंद्रात. ओळी वाटताना बाईंच्या श्वासावरच एकाकडून दुसऱ्याकडे दिल्या, त्यामुळे ओबोला दोन श्वासांची जागा आपोआप मिळाली आणि ती माझ्याशी बोलायला लागली. पाच मात्रांचा बार मात्र दर वेळी कोसळला. हॉर्नवाला सहाव्या मात्रेवर एकटाच पडायचा, चार वेळा पडला. शेवटी त्याच्या पार्टमधून तो बारच काढून टाकला, फक्त ज्याच्याकडे चाल आहे त्याने वाजवायचं, बाकीच्यांनी वाद्य खाली घेऊन ऐकायचं आणि पुढच्या ओळीला त्याच्याबरोबर यायचं. पाचव्या वेळी जमलं. बसूनवाला म्हणाला आता कुठे गाणं सुरू झालं.

एकच अडलंय. लिहू कसं? ५/८ चा बार टाकू, की ६/८ च ठेवून वर श्वासाचा स्वल्पविराम देऊ? स्वल्पविराम दिसायला मोकळा वाटतो.

बसूनकाका

५/८ लिहा. स्वल्पविराम दिलात तर पाच जण पाच लांबीचे श्वास घेतील आणि हॉर्नवाला पुन्हा एकटा पडेल. आणि चौथ्या कडव्यात ६/८ लिहायला विसरू नका, नाहीतर तिथे सगळेच पडतील.

फुंकणी

चौथं विसरलेच होते. बदललं. शनिवारी वाजवून सांगते.